दिल्लीचा कबाब आणि शिराझची कुपी

सणासुदीच्या मेजवानीत भाजलेल्या मांसाबरोबर कोणते मद्य वाढावे, हा प्रश्न युरोपातील यजमानाला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. नाताळच्या दिवशी मेजावर हंस, टर्की कोंबडा किंवा मेंढीची पाठ यायची असते आणि त्या पक्वान्नाला शोभेल अशी बुधली तळघरातून आधीच काढून ठेवायची असते. तेथे मांस मुख्य आणि मद्य त्याचे सोबती. दिल्लीच्या इतिहासातही भाजलेले मांस आहे, मद्य आहे आणि दोहोंची जोडी जमविणारे शौकीन यजमानही आहेत. परंतु येथे प्रश्नाचा क्रम उलटा होता. इराणी रिवाजाप्रमाणे मद्याची मैफल हा स्वतंत्र समारंभ असे, आणि कबाब त्या मैफलीत गजक म्हणून, म्हणजे घोटामागून तोंडात टाकावयाचा खारा पदार्थ म्हणून येत असे. लंडनचा यजमान मांसासाठी मद्य निवडी; दिल्लीचा उमराव मद्यासाठी मांस निवडी. या लहानशा फरकात दिल्लीच्या खानपानाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे, आणि काही थोरामोठ्यांच्या विनाशाचे कारणही.

तथापि निवडीची गोष्ट बोलण्यापूर्वी एक ध्यानात घेतले पाहिजे. निवड करावयास किमान दोन वस्तू समोर असाव्या लागतात. दिल्लीत कित्येक शतके एक वस्तू मिळविणेसुद्धा कठीण होते. यजमानाच्या जिभेआधी येथे तीन पंच बसलेले असत: राजाचा हुकूम, लांबचा रस्ता आणि हिंदुस्थानचा उन्हाळा.

पहिल्या पंचाचा अधिकार किती मोठा होता, हे अल्लाउद्दीन खिलजीच्या काळी दिसून आले. उमरावांच्या मैफलींतून कटकारस्थाने शिजतात, असे या सुलतानाच्या मनाने घेतले आणि चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दिल्लीत मद्यबंदी पुकारली गेली. सुलतानाने स्वतः मद्य सोडले. त्याच्या मैफलीतील काचेची व चिनी मातीची पात्रे फोडण्यात आली आणि रांजणच्या रांजण बदाऊन दरवाजासमोर ओतण्यात आले. तेथे पावसाळ्यासारखा चिखल झाला, असे झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सांगतो. हाच बरनी पुढचीही हकीकत देतो. लोक पखालींतून, गवताच्या भाऱ्यांतून, सरपणाच्या मोळ्यांतून मद्य शहरात आणू लागले. पकडलेल्यांना विहिरीसारख्या खड्ड्यांत डांबले तरी ही आयात थांबेना. अखेरीस घरच्या घरी गाळून गुपचूप पिणाऱ्याच्या वाटेस जाऊ नये, फक्त विक्री आणि मैफल बंद असावी, अशी तडजोड सुलतानाला पत्करावी लागली. सरपणाच्या मोळीतून जे येईल ते घ्यावयाचे, अशा स्थितीत मांसाला कोणते मद्य शोभते हा विचार कोणाला सुचणार?

दिल्लीच्या मातीत द्राक्ष पिकत नव्हते असे मात्र नाही. अल्लाउद्दीनच्या त्या मद्यबंदीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने फिरोजशहा तुघलक गादीवर आला. बागांची विलक्षण हौस असलेल्या या सुलतानाने दिल्लीच्या परिसरात बाराशे बागा लावल्या किंवा जुन्या दुरुस्त केल्या. त्यांत काळ्या-पांढऱ्या द्राक्षांच्या सात जाती होत्या, अशी नोंद शम्स सिराज अफीफ याने केली आहे. म्हणजे वेल होता, फळ होते. परंतु वेलापासून कुपीपर्यंत जी पिढ्यांची विद्या लागते, ती राजाश्रयावाचून वाढत नाही. आणि राजाश्रय एका सुलतानाकडून मिळाला, तर दुसऱ्याकडून काढून घेतला जात असे.

१५२६ साली पानिपत जिंकून बाबर आला, तेव्हा हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, बाजारात चांगले अन्न नाही, अशी त्याची तक्रार होती. काबूल आणि गझनीचे द्राक्षमद्य त्याच्या परिचयाचे, आवडीचे. १५२७ साली राणा सांगाशी खानव्याची लढाई तोंडावर आली असता गझनीचे उत्तम मद्य लादलेल्या उंटांच्या तीन रांगा त्याच्या छावणीत येऊन पोचल्या. मद्य आले आणि नेमक्या त्याच सुमारास बाबराने मद्यत्यागाची शपथ घेतली. सोन्यारुप्याचे प्याले मोडून गरिबांत वाटले गेले आणि गझनीहून आलेल्या मद्यात मीठ टाकून त्याचा सिरका करण्यात आला. डोंगर, खिंडी आणि पाच नद्या ओलांडून आलेल्या त्या मद्याच्या नशिबी मेजवानीचे मांस नव्हते. लोणच्याचा सिरका होणे होते. पुढे आग्र्याच्या बागेत बाबराने वेल लावविले, त्यांना द्राक्षे धरली, तेव्हा त्याला झालेला आनंद त्याच्या आत्मचरित्रात दिसतो.

मोगल स्वयंपाकघराचे खरे दर्शन अबुल फझलच्या ‘आईन-ई-अकबरी’त घडते. तेथे ‘बिर्यान’ या नावाखाली जो पदार्थ दिला आहे तो आजची बिर्याणी नव्हे. तो भाजलेला अखंड मेंढा आहे. त्याला दोन शेर मीठ, एक शेर तूप आणि केशर, लवंग, मिरे व जिरे एवढेच साहित्य सांगितले आहे. ‘मुसम्मन’ हा दुसरा पदार्थ त्याहून कौशल्याचा. कोंबडीची सारी हाडे मानेतून काढून घ्यावयाची, पण कोंबडी बाहेरून अखंड राहिली पाहिजे. मग तिच्यात अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, कांदा, धने, आले, मिरे आणि केशर भरावयाचे. या पाककृतींत एक वस्तू कोठेच नाही, ती म्हणजे लाल मिरची. अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेले ते फळ अद्याप बादशाही मुदपाकखान्यात शिरले नव्हते. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा, सुगंध केशराचा, आणि सर्वांवर तुपाची व चरबीची दाट साय, असे त्या मांसाचे रूप होते.

अशा मांसाला काय शोभते, हे रसनाशास्त्र आज थोडक्यात सांगू शकते. तांबड्या द्राक्षमद्यात द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. त्यास टॅनिन म्हणतात. हा तुरटपणा प्रथिनांशी बांधला जातो. म्हणून नुसते प्यायल्यास जिभेला कोरडे करणारे मद्य मांसाच्या घासाबरोबर मवाळ वाटते. मद्यातील आंबटपणा स्निग्धतेला छेद देतो आणि तोंड पुढच्या घासासाठी मोकळे करतो. वरणभातावर लिंबू पिळण्यामागे जे तत्त्व आहे, तेच हे. थोडी गोडी खारटपणाला आणि मसाल्याला आवर घालते. उलट मद्याची तीव्रता जितकी अधिक, तितका तिखटाचा दाह वाढतो. अकबराच्या मिरची नसलेल्या बिर्यानला जुने, तांबडे, तुरट द्राक्षमद्य उत्तम शोभले असते. पण ते तेथे पोचत किती होते आणि पोचल्यावर टिकत किती होते?

टिकण्याचा प्रश्न म्हणजे तिसऱ्या पंचाचा, उन्हाळ्याचा प्रश्न. द्राक्षमद्य नाजूक असते. उष्णतेने ते आतल्या आत शिजते आणि हवा लागली की आंबते. आईन-ई-अकबरीत पाणी थंड करण्याची युक्ती वर्णिलेली आहे. कथलाच्या किंवा रुप्याच्या सुरईत पाणी भरून तोंड बंद करावयाचे, दुसऱ्या भांड्यात पाण्यात सोरा विरघळवून त्यात ती सुरई काही वेळ फिरवावयाची. १५८६ नंतर लाहोर मुक्कामी डोंगरांतून बर्फही येऊ लागला. पण हे सारे एका सुरईपुरते. वैशाखात पेटलेल्या वाटेवरून महिना-दीड महिना येणारे पेटारे कोणता सोरा थंड ठेवणार? म्हणून या देशात दोन प्रकारची पेये तगली. एक, मुळातच गोड व कडक असलेली द्राक्षमद्ये; आणि दुसरे, भट्टीवर गाळलेला अर्क, ज्याला उन्हाची भीती नाही.

या अर्काने मोगल घराण्यात काय केले, याची कबुली खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. तारुण्यात अटकेजवळ शिकारीने थकलेला असता उस्ताद शाह कुली नावाच्या तोपचीने त्याला सुचविले की एक प्याला घेतल्यास शीण जाईल. हकीम अलीच्या घरून लहानशा कुपीत पिवळसर, गोड चवीचे दीड प्याला मद्य आले. ते त्याला आवडले. हळूहळू द्राक्षमद्याचा अंमल चढेना, तेव्हा अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत मजल वीस प्याल्यांपर्यंत गेली. चौदा दिवसा, उरलेले रात्री. आणि या काळातले त्याचे अन्न किती? एका कोंबडीइतके मांस, पोळी आणि मुळा. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट सांगितले की असेच चालल्यास सहा महिन्यांत उपाय हाताबाहेर जाईल. तेव्हा जहांगीराने अर्कात द्राक्षमद्य मिसळून मात्रा उतरवीत आणली. त्याच्या भावांना तेवढाही विवेक लाभला नाही. मुराद १५९९ साली दख्खनेत मद्यापायी गेला. दानियाल बऱ्हाणपुरास गेला. पहारा बसविला असता त्याच्यासाठी बंदुकीच्या नळीतून अर्क चोरून नेण्यात आला आणि नळीचा गंज व दारूचा अंश त्यात उतरला, असे जहांगीरच लिहितो.

आरंभी सांगितलेल्या उलट्या क्रमाचा अर्थ येथे उमगतो. जेथे मद्य हे ताटाचे सोबती असते, तेथे भूक भागली की प्यालाही थांबतो. ताट हाच त्याचा लगाम. जेथे ताट मद्याचे सोबती होते, तेथे लगाम सुटतो. आणि मग एक वेळ अशी येते की अखंड मेंढे भाजणाऱ्या मुदपाकखान्याचा धनी एका कोंबडीवर दिवस काढतो. हेही विसरता येत नाही की गादीवर बसताच काढलेल्या बारा हुकमांत याच जहांगीराने मद्य करण्यास व विकण्यास मनाई केली होती, आणि आपण स्वतः पितो हेही त्याच ठिकाणी नमूद केले होते.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याला या मिश्रणाची चव १६१६ साली अजमेरास मिळाली. बादशहाच्या वाढदिवसाच्या समारंभात रत्नजडित सोन्याच्या प्याल्यातून त्याला मद्य देण्यात आले. अर्धे द्राक्षाचे, अर्धे गाळलेले. इतके जहाल पेय त्याने कधी चाखले नव्हते. त्याला शिंक आली आणि बादशहा हसला. युरोपीय नाताळच्या ताटातला मानकरी, म्हणजे टर्की कोंबडा, याच दरबारात चार वर्षांपूर्वी येऊन गेला होता. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत तो होता. त्याच्या डोक्याचे व गळ्याचे रंग सरड्यासारखे पालटताना पाहून जहांगीर थक्क झाला. पण त्याने त्याला मुदपाकखान्यात धाडले नाही, चित्रशाळेत धाडले. मन्सूर या चित्रकाराने काढलेला तो पक्षी आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.

दुसऱ्या पंचाचा, रस्त्याचा, हिशेब सर्वांत चोख मांडला तो फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने. दानिशमंद खान या विद्वान उमरावाच्या पदरी राहिलेल्या बर्निएने १ जुलै १६६३ रोजी दिल्लीहून एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात दिल्लीच्या बाजाराचे जे वर्णन आहे, ते एखाद्या चोखंदळ पॅरिसकराचे गाऱ्हाणेच आहे. भाजलेले मांस विकणारी दुकाने बाजारात आहेत. पण ते मांस उंटाचे, घोड्याचे की रोगाने मेलेल्या बैलाचे, याचा भरवसा नाही. म्हणून तो आपला नोकर किल्ल्यातील बादशाही भटारखान्याच्या माणसांकडे पाठवी; ते स्वस्तात पडलेले सकस अन्न चढ्या भावाने आनंदाने विकीत. हिवाळ्यात इराण, बल्ख, बुखारा, समरकंद येथून कापसात गुंडाळलेली ताजी काळी-पांढरी द्राक्षे येत. आणि मद्य? दिल्लीच्या कोणत्याही दुकानात ते मिळत नव्हते. देशी द्राक्षांपासून ते करता आले असते, असे बर्निए आवर्जून सांगतो. पण हिंदू व मुसलमान दोघांच्याही धर्मनियमांत त्याला बंदी. अहमदाबादेस व गोवळकोंड्यास डच आणि इंग्रजांच्या घरी त्याने तसे देशी द्राक्षमद्य चाखले होते आणि ते वाईट नव्हते, अशी त्याची साक्ष आहे. त्यातून औरंगजेबाने १६५९ साली मुहतसिब नेमून बंदीला धार आणलेली.

मग जे मिळे ते दोनच प्रकारचे. एक इराणातील शिराझचे, दुसरे अटलांटिकमधील कॅनरी बेटांचे. शिराझचे मद्य खुष्कीने बंदर अब्बासला, तेथून जहाजाने सुरतेला आणि सुरतेहून सेहेचाळीस दिवसांनी दिल्लीला पोचे. कॅनरीचे मद्य डच लोक जगाला वळसा घालून सुरतेस आणीत. सुमारे तीन पिंटांची शिराझची एक कुपी सहा-सात क्राउनांखाली मिळत नसे. त्या काळच्या हिशेबाने बारा-चौदा रुपये. दोन्ही मद्ये इतकी महाग की किमतीनेच चव मारली जाते, अशा अर्थाचा विनोद बर्निएने केला आहे. हे पत्र लिहून सहा महिने होतात न होतात तोच, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले. मोगलांच्या त्या बंदराची लूट म्हणजे दिल्लीच्या तिजोरीवर घाव होता, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. दिल्लीचे मेजही किती दूरच्या आणि किती नाजूक धाग्याला लोंबकळत होते, हे बर्निएच्या हिशेबाने त्यात भर घालून कळते.

सुरतेहून येणारी ती मद्ये दिल्लीच्या कबाबाला शोभली असती काय? कॅनरीचे मद्य गोड व दाट. मसालेदार मांसाशी त्याचे जमले असते, पण तुपाशी जड गेले असते. ते दिल्लीत आले ते शोभते म्हणून नव्हे, वाटेत खराब होत नाही म्हणून आले. निवड रस्त्याने केली होती. यजमानाने केवळ पैसे मोजले. बर्निएने स्वतः शहाण्या माणसासाठी दिलेला सल्ला वेगळाच आहे: या देशाचे निर्मळ पाणी आणि लिंबाचे सरबत यांची सवय करावी, खर्च थोडा आणि प्रकृतीला अपाय नाही.

इंग्रजी अंमल दिल्लीत १८०३ साली आला आणि त्याबरोबर युरोपीय मेजाचा क्रम आला. एकोणिसाव्या शतकात तो क्रम ठरून गेला होता. सूपबरोबर शेरी, माशाबरोबर ऱ्हाईनकाठचे पांढरे मद्य, भाजलेल्या मांसाबरोबर बोर्दोचे तांबडे क्लॅरेट आणि शेवटी पोर्ट. नाताळास हिंदुस्थानी चाकरांनी ‘बडा दिन’ म्हटले, क्लॅरेटला ‘लाल शराब’ म्हटले, आणि शॅम्पेनचे ‘सिमकिन’ केले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे शब्द सापडतात. मद्याचे नाव चाकराच्या जिभेवर सहज फिरू लागले. पण मद्य मात्र येथल्या हवेत सहज राहीना. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने येणारे क्लॅरेट वाटेत थकून जाई. उलट मदेरा बेटाचे, ब्रँडी घालून सशक्त केलेले मद्य जहाजाच्या पोटातील उष्णतेने सुधारते, असा अनुभव व्यापाऱ्यांना आला आणि हिंदुस्थानातील साहेबाच्या मेजावर मदेराने मोठा मान मिळविला. पुन्हा तेच: जीभ क्लॅरेट मागे, वाट मदेरा देई. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे दिल्लीस पोचली, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, तेव्हा कोठे दिल्लीच्या थंडीतील मेंढीच्या रानेला बोर्दोचे मद्य बरे राखून मिळू लागले. हे भाग्य अर्थातच मूठभर साहेबांचे.

याच दिल्लीत बल्लीमारान मोहल्ल्यातील एका गल्लीत मिर्झा गालिब राहत होता. त्याच्या मद्यप्रेमाच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. पण त्याच्या पत्रांत सापडतो तो दिनक्रम आख्यायिकांहून बोलका आहे. उतारवयात तो मित्राला आपला आहार कळवितो: सकाळी सोललेल्या सात बदामांचे सरबत, दुपारी मांसाचा दाट रस, सायंकाळी कधीमधी दोन-चार तळलेले कबाब, आणि रात्री पाच रुपयांच्या वजनाइतके घरगुती मद्य, त्यात तितकेच दुसरे सौम्य पेय मिसळलेले. मद्यात गुलाबपाणी घालून त्याची तीव्रता उतरविण्याची त्याची रीत प्रसिद्धच आहे. १८५७ च्या धामधुमीत विलायती मद्य मिळेनासे झाले, तेव्हा महेशदास नावाच्या स्नेह्याने उसाचे देशी मद्य पुरविले. रंगाने ते फ्रेंच मद्यासारखे होते, असे सांगून गालिबने ‘दस्तंबू’त त्याचे कृतज्ञतेने स्मरण केले आहे. बादशहाच्या वीस प्याल्यांसमोर कवीचे हे तोलून घेतलेले माप ठेवले, म्हणजे दिल्लीच्या दोन वृत्ती समोरासमोर उभ्या राहतात. साधन तुटपुंजे, पण कबाब किती, मद्य किती, त्यात पाणी किती, याचा हिशेब स्वतःच्या हाती. निवड करावयास काही उरलेले नसतानाही प्रमाण निवडता येते, एवढे त्या दिनक्रमावरून दिसते.

१९४७ नंतर दिल्लीचे भाजलेले मांस पुन्हा बदलले. पेशावरकडून आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजात मोती महाल उघडले आणि तंदुरात भाजलेली कोंबडी राजधानीच्या जिभेवर बसली. दह्यात मुरविलेली, आले-लसणाची, लाल तिखटाची, कोळशाच्या धुराचा वास धरलेली ही कोंबडी म्हणजे अकबराचे मुसम्मन नव्हे. मिरची आली, म्हणून जुना हिशेबही बदलला. येथे फार तुरट व कडक तांबडे मद्य तिखटाचा वणवा पेटविते. थंड केलेले, किंचित गोडसर, आंबटपणा राखलेले पांढरे मद्य त्या तिखटाशी मैत्री करते. मेंढीची किंवा बोकडाची रान मंद आचेवर भाजलेली असेल, मसाला मिऱ्या-दालचिनीचा असेल आणि स्निग्धता भरपूर असेल, तर मिऱ्याचा गंध असलेले तांबडे मद्य बरे. गोड काजू-मलईच्या रश्शात मांस बुडाले असेल, तर तुरटपणा कमी असलेले.

आणि ही दोन्ही मद्ये आता सुरतेच्या बंदरावरून येत नाहीत. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत नारायणगावास फ्रेंच तंत्राने फेसाळ मद्य तयार होऊ लागले. पुढे नाशिकच्या माळांवर शेनँ ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ या जातींचे वेल लागले आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. देशी द्राक्षांपासून चांगले मद्य होऊ शकेल, हे बर्निएचे म्हणणे साडेतीनशे वर्षांनी खरे केले ते दख्खनच्या शेतकऱ्याने. नाशिकची कुपी सेहेचाळीस दिवसांनी नव्हे, दोन-तीन दिवसांत दिल्लीला पोचू शकते, तीही गारव्यात. गंमत अशी की या कुपीवरचे ‘शिराझ’ हे नाव इराणातील त्या शहराशी रक्ताचे नाते सांगत नाही. १९९८ साली वंशपरीक्षेने सिद्ध झाले की शिराझ अथवा सिरा ही द्राक्षाची जात फ्रान्समधील दोन जातींच्या संकरातून जन्मली आहे. जहांगीराच्या काळचे शिराझ आणि नाशिकचे शिराझ यांत नावापलीकडे काही समान नाही. पण मिऱ्याचा गंध असलेले हे तांबडे मद्य मिऱ्याच्या मसाल्यातील रानेशी जे जुळते, ते नाव पाहून नव्हे.

रस्ता आखडला, उन्हाळ्याला यंत्राने काबूत आणले. पहिला पंच मात्र अद्याप आपल्या जागी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्याचा विषय राज्यांकडे सोपविला आहे आणि ४७ व्या कलमाने मद्यबंदीची दिशा दाखविली आहे. म्हणून नाशिकहून निघालेल्या कुपीला दिल्लीच्या वाटेवर राज्याराज्यांचे निरनिराळे कर व परवाने भेटतात. यात सरकारी कारभाराचा भाग आहे तसा अनुभवाचाही आहे. खिलजीच्या रांजणांपासून दानियालच्या बंदुकीपर्यंतचा इतिहास ज्या शहराने पाहिला, त्याला मद्याविषयी निश्चिंत राहणे शोभणारेही नाही.

तेव्हा आज दिल्लीतील एखाद्या घरी सणाचे मांस शिजत असता यजमानाने कुपी निवडावयाची झाली, तर त्याला पूर्वीच्या कोणत्याही बादशहाहून अधिक मोकळीक आहे. त्याने प्रथम ताटाकडे पाहावे: चरबी किती, धूर किती, तिखट किती, गोडी किती. मग प्याल्याकडे पाहावे. जो पाहुणा घेत नाही, त्याच्यासाठी लिंबाचे सरबत तितक्याच अगत्याने, तितक्याच चांगल्या पात्रातून पुढे करावे. त्याची शिफारस तर फ्रेंच वैद्यानेच करून ठेवली आहे. क्रम तेवढा उलटू देऊ नये. ताट भरलेले आणि प्याला मोजका, इतके सांभाळले म्हणजे बाकीचे जुळवून घेण्यास जीभ समर्थ आहे.